बर्फावरचे खेळाडू आणि श्वासनलिकेची संवेदनशीलता: कोणती चाचणी, कधी, कशी?

श्वासमापक

शर्यत संपते, स्कीपटू बर्फात आडवा होतो, आणि पाच-दहा मिनिटांनी खरी ढास सुरू होते. क्रॉस-कंट्री स्कीइंग आणि बायथलॉनमध्ये (स्कीइंग आणि नेमबाजी एकत्र) हे इतकं नेहमीचं आहे की बरेच प्रशिक्षक त्याला आजार मानतच नाहीत. दुसऱ्या धाग्यावर हा विषय निघाला, पण चर्चा लगेच पंपांकडे (इनहेलर) वळली. आधी मोजायचं कसं ते नीट ठरलं पाहिजे, म्हणून हा वेगळा धागा.

थोडी पार्श्वभूमी. १९९३ साली स्वीडनच्या अव्वल स्कीपटूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यात दमा किंवा श्वासनलिकेची अतिसंवेदनशीलता सामान्य लोकांच्या कितीतरी पट आढळली. १९९८च्या नागानो ऑलिंपिकसाठीच्या अमेरिकी पथकात साधारण चौघांत एकाला, आणि क्रॉस-कंट्रीवाल्यांत निम्म्यांना, व्यायामानंतर श्वासनलिका आकसण्याचा त्रास निघाला. २००२च्या सॉल्ट लेक सिटीपासून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने सांगितलं की पंप वापरायचा असेल तर चाचणीचा पुरावा द्या. नुसतं 'धाप लागते' चालणार नाही. कारणही पक्कं होतं: लक्षणांवरून केलेला अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतो. खोकणाऱ्या अनेकांची चाचणी निगेटिव्ह येते, आणि काहीच तक्रार नसलेल्यांची पॉझिटिव्ह.

आता मूळ कारण, कारण चाचणीची निवड त्यावरच ठरते. दोष थंडीपेक्षा कोरडेपणाचा जास्त आहे. फुफ्फुसात पोचेपर्यंत हवा ३७ अंशांची आणि पूर्ण ओली व्हावी लागते, म्हणजे लिटरला ४४ मिलिग्रॅम पाणी. उणे १५ अंशांच्या हवेत, ती पूर्ण ओली असली तरी, लिटरला जेमतेम १.४ मिलिग्रॅम पाणी मावतं. उरलेलं श्वासनलिकेच्या अस्तराने पुरवायचं. मिनिटाला १५० लिटर हवा ओढणाऱ्या स्कीपटूच्या बाबतीत हे मिनिटाला ६.४ ग्रॅम पाणी होतं. उच्छ्वासात त्यातलं काही परत मिळतं, पण तोंडाने श्वास चालू असताना फार नाही. विश्रांतीत नाक जे काम करतं ते अशा वेळी लहान लहान नलिकांवर येऊन पडतं. अस्तरावरचा द्रवाचा पातळ थर आटतो, त्यातली क्षारांची तीव्रता वाढते, तिथल्या मास्ट नावाच्या संरक्षक पेशी हिस्टामिन आणि ल्युकोट्रायीन ही रसायनं सोडतात आणि नलिकेभोवतीचा स्नायू आवळतो. वर्षानुवर्षं असं चाललं की अस्तरच सोलवटतं.

म्हणजे चाचणीने दोन गोष्टी घडवायला हव्यात: प्रचंड हवा आणि कोरडी हवा. उणे १५ची हवा आणि खोलीच्या तापमानाची पूर्ण कोरडी हवा यांत पाण्याचा फरक लिटरला दीड मिलिग्रॅमचाही नाही. म्हणून बर्फाशिवायही बर्फावरच्या खेळाडूची चाचणी होऊ शकते. या प्रकाराचं नाव युकॅप्निक व्हॉलंटरी हायपरप्निया, पुढे ईव्हीएच म्हणू. खेळाडू पळत नाही. बसून किंवा उभं राहून सहा मिनिटं ठरलेल्या वेगाने कोरडी हवा ओढतो. आधी आणि नंतर एफईव्ही-१, म्हणजे जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, मोजतात. १० टक्के किंवा जास्त घट आली की पॉझिटिव्ह. ती लागोपाठ दोन वेळांना दिसली तर भरवसा जास्त. १० ते २० सौम्य, २० ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र.

एक चूक आत्ताच सांगतो. अव्वल स्कीपटूची फुफ्फुसं मोठी असतात. समजा अपेक्षित एफईव्ही-१ ४.५० लिटर आहे आणि त्याची आहे ५.४०, म्हणजे १२० टक्के. चाचणीनंतर ती ४.७० झाली तर घट १३ टक्के, चाचणी पॉझिटिव्ह. पण ४.७० हा आकडा एकटा पाहिला तर तो अपेक्षितच्या १०४ टक्के आहे आणि रिपोर्टवर 'नॉर्मल' छापून येतो. विश्रांतीतली साधी स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून केलेली मोजणी, चांगली आली म्हणून या खेळाडूंना कधीही मोकळं सोडू नये.

सह्यकडा

छान मांडलंत. एक शंका. पळणाऱ्याला पळवून, स्कीवाल्याला ट्रेडमिलवर घालून तपासणं जास्त नैसर्गिक नाही का? पुण्या-मुंबईत ट्रेडमिल आणि स्पायरोमीटर कुठेही मिळतात. ईव्हीएचचा गॅस कोण आणणार?

श्वासमापक

नैसर्गिक वाटतं, पण नेमकं तिथेच फसतं. २००० साली अमेरिकी हिवाळी खेळाडूंची तुलना प्रसिद्ध झाली. बर्फावर शर्यतीच्या वेगाने तपासल्यावर जे पॉझिटिव्ह होते त्यांतले बहुसंख्य प्रयोगशाळेत, २१ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत, निगेटिव्ह आले. त्या हवेत लिटरला ११ मिलिग्रॅम पाणी असतं. मार्गदर्शक सूचना १०च्या खाली मागतात. ऑगस्टमधल्या मुंबईत, २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला, हा आकडा २३ आहे. तशा खोलीत ट्रेडमिल लावून आलेल्या निगेटिव्ह रिपोर्टला काहीच अर्थ नाही.

ट्रेडमिलच वापरायचा असेल तर कोरड्या सिलिंडरची हवा झडपेच्या मुखनळीतून द्या, नाकाला क्लिप लावा, दोन ते चार मिनिटांत नाडी कमाल मर्यादेच्या ९० टक्क्यांवर न्या आणि तिथे चार ते सहा मिनिटं टिकवा. हळूहळू वेग वाढवत नेणारी, हृदयासाठी किंवा व्हीओ२मॅक्ससाठी (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं ते) करतात ती चाचणी इथे चालत नाही. ती सुरुवातीलाच वॉर्म-अप घडवते आणि श्वासनलिका काही काळ 'रुसते', म्हणजे पुढचे एक ते चार तास तिची प्रतिक्रिया मंद राहते. साधारण निम्म्या रुग्णांत हे होतं. त्यामुळेच चाचणीच्या आधी चार तास जोराचा व्यायाम बंद. खेळाडूला सकाळचा सराव करून दुपारी बोलावलंत तर दिवस फुकट गेला.

फुंकणी

पीएफटी लॅबच्या, म्हणजे फुफ्फुसांच्या चाचण्या होतात त्या प्रयोगशाळेच्या, बाजूने ईव्हीएचची मांडणी लिहिते, कारण 'गॅस कोण आणणार' या प्रश्नावर लोक अडतात.

गॅस: २१ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन. मिश्रण आधीच भरलेलं मागवायचं. सिलिंडरसोबतचा विश्लेषणाचा दाखला वाचा, कार्बन डायऑक्साइड ४.९ ते ५.१मध्ये हवा. पहिल्यांदा उघडल्यावर ऑक्सिजन मीटर लावून २१ टक्के आहे ना ते स्वतः बघा. ही पायरी कधीही गाळू नका. कमी ऑक्सिजनचं मिश्रण खेळाडू मिनिटाला १५० लिटरने ओढणार आहे.

कार्बन डायऑक्साइड कशाला? बसल्या जागी एवढा श्वास घेतला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो, चक्कर येते, हातापायाला मुंग्या येतात, आणि तो कमी होण्यानेही नलिका थोड्या आवळतात. ५ टक्के मिश्रण आत ओलं झालं की त्याचा दाब (७६० वजा ४७) गुणिले ०.०५, म्हणजे पाऱ्याचे ३५.६ मिमी भरतो. शरीराचा स्वतःचा थोडा मिळवला की नेहमीच्या ४०च्या जवळ.

मात्रा: लक्ष्य एफईव्ही-१च्या ३० पट, हे कमाल ऐच्छिक श्वसनाच्या, म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त ओढता येणाऱ्या हवेच्या, ८५ टक्के. एफईव्ही-१ ५.५ असेल तर मिनिटाला १६५ लिटर, सहा मिनिटांत ९९० लिटर. म्हणजे एका चाचणीला जवळपास एक घनमीटर गॅस. ७ घनमीटरच्या जम्बो सिलिंडरमध्ये पिशवी भरणं, नळ्या धुणं आणि तळाचा दाब सोडला तर पाच खेळाडू धरा. सहावा अर्ध्यात अडकतो आणि त्याची चाचणी त्या दिवशी पुन्हा करता येत नाही.

जोडणी: सिलिंडर, जास्त प्रवाहाचा रेग्युलेटर, रोटामीटर (प्रवाह दाखवणारी नळी), मग १०० लिटरच्या आसपासची पिशवी किंवा हवामान खात्याचा असतो तसा मोठा फुगा, रुंद नळी, दोन-वाटांची एकदिशा झडप, मुखनळी. उच्छ्वासाच्या बाजूला गॅस मीटर. रुग्णालयातल्या ऑक्सिजनचा साधा रेग्युलेटर चालत नाही, तो मिनिटाला १५ लिटरच्या पुढे जात नाही. मोठ्या प्रवाहाला रेग्युलेटरवर दव आणि बर्फ धरतो, सुई अडकते. म्हणून पिशवी आधी भरून ठेवायची आणि दोन खेळाडूंमध्ये रेग्युलेटरला वेळ द्यायचा. नळी अरुंद असली तर खेळाडू दमतो आणि दोष त्याच्या छातीला लागतो.

सगळ्यात कामाची युक्ती: रोटामीटर लक्ष्यावर लावा आणि खेळाडूला फक्त एवढंच सांगा, 'फुगा आहे तेवढाच ठेव.' फुगा फुगला तर तो कमी ओढतोय, चपटा झाला तर जास्त. आकडे ओरडण्यापेक्षा हे सोपं पडतं. पहिल्याच मिनिटात पूर्ण जोर लावून तिसऱ्या मिनिटाला ढेपाळणारे खूप असतात. त्यांना सुरुवातीलाच लय लावून द्या. लाळेचा सापळा लावा, सहा मिनिटांत झडप लाळेने चिकटते.

किमान मर्यादा एफईव्ही-१च्या २१ पट, म्हणजे ६० टक्के. त्याखाली राहून निगेटिव्ह आली तर रिपोर्टवर 'निगेटिव्ह' लिहू नका, 'अपुरी' लिहा. त्याखाली राहूनही पॉझिटिव्ह आली तर ती पॉझिटिव्हच.

चाचणीआधीची एफईव्ही-१: सर्वोत्तम दोन फुंका १५० मिलिलिटरच्या आत जुळायला हव्यात. नंतर ३, ५, १०, १५, २० आणि ३० मिनिटांना, दर वेळी दोन फुंका, चांगली ती धरायची. तिसऱ्या मिनिटाची घट श्वसनाचे स्नायू दमल्यानेही येते. ती पाचव्या-दहाव्याला टिकली तरच तिच्यावर जा. दर वेळी पूर्ण रिकामं होईपर्यंत फुंकायला लावू नका, दोन-तीन सेकंद पुरे. सहा वेळा पूर्ण फुंकायला लावलं की खेळाडू दमतो आणि आकडे उगाच उतरतात.

सुरुवातीचीच एफईव्ही-१ अपेक्षितच्या ७० टक्क्यांखाली असेल तर ही चाचणी करायचीच नाही. शेजारी ऑक्सिमीटर, ऑक्सिजन, स्पेसर (पंपाला जोडायची नळी) आणि नलिका उघडणाऱ्या सालब्युटामॉलचा पंप हवा, आणि इमारतीत डॉक्टर. ३० टक्क्यांची घट दिसली की पुढची वेळ मोजत बसू नका, आधी औषध.

दवबिंदू

फुंकणीताई, ही मांडणी छापून लॅबमध्ये लावण्यासारखी आहे.

पण ईव्हीएच ही एकमेव चाचणी असल्यासारखं लिहिलं जातंय, तिथे माझा विरोध. मेथाकोलीन भारतातल्या मोठ्या पीएफटी लॅबमध्ये होतं, आणि स्कीपटूंच्या बाबतीत ते महत्त्वाचं आहे. ही थेट चाचणी: औषध स्नायूवरच काम करतं. एफईव्ही-१ २० टक्के उतरवायला किती मात्रा लागली ते बघायचं. २०१७च्या युरोपीय सूचनांपासून तीव्रतेऐवजी पोचलेली एकूण मात्रा मोजतात: ४०० मायक्रोग्रॅमच्या वर सामान्य, १०० ते ४०० सीमारेषेवर, २५ ते १०० सौम्य, ६ ते २५ मध्यम, त्याखाली तीव्र. श्वास साधा, शांत घ्यायला लावा. दर मात्रेला खोल श्वास घेतला तर तो खोल श्वासच नलिका उघडतो आणि सौम्य रुग्ण निसटतात. द्रावण फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा, थंड द्रावणाने नेब्युलायझर कमी वाफ देतो. प्रत्येक पायरीनंतर ३० आणि ९० सेकंदांनी फुंक.

मॅनिटॉल ही अप्रत्यक्ष चाचणी, कोरड्या पावडरची: ०, ५, १०, २०, ४०, ८०, मग तीनदा १६०, एकूण ६३५ मिलिग्रॅम. १६०ची मात्रा म्हणजे ४०च्या चार कॅप्सूल. दर मात्रेनंतर ६० सेकंदांनी फुंक, १५ टक्के घट आली की थांबा. दोन मात्रांमध्येच १० टक्के उतरली तरी पॉझिटिव्ह. इथे लॅबवाले एक चूक हमखास करतात: खोकला आला की खेळाडूला पाणी देऊन निवांत बसवतात. क्षारांचा ताण साठत जायला हवा. मध्ये वेळ गेला की तो उतरतो आणि चाचणी खोटी निगेटिव्ह येते. पुढची कॅप्सूल आधीच भरून हातात ठेवा.

आता मुद्दा. नॉर्वे आणि स्वीडनच्या स्कीपटूंमध्ये मेथाकोलीनला पॉझिटिव्ह असणारे पुष्कळ, पण त्यांच्यातच मॅनिटॉलला पॉझिटिव्ह असणारे अगदी थोडे. म्हणजे या नलिका जखमी आणि चिडलेल्या आहेत, पण नेहमीच्या ॲलर्जीच्या दम्यातला मास्ट पेशी आणि इओसिनोफिल या ॲलर्जीच्या पांढऱ्या पेशींचा खेळ त्यांच्यात फारसा नाही. उच्छ्वासातला नायट्रिक ऑक्साइडही, जो तशा ॲलर्जीच्या सुजेची खूण असतो, बऱ्याचदा २५ पीपीबीच्या (अब्जात २५ भाग) खालीच राहतो. फक्त अप्रत्यक्ष चाचण्या केल्या तर हे खेळाडू हातातून सुटतात.

श्वासमापक

सुटतात हे मान्य. पण उलट बाजूही बघा. फक्त मेथाकोलीन पॉझिटिव्ह असलेल्या खेळाडूला शर्यतीत नलिका खरोखर आकसण्याचा त्रास होतो का, हे मेथाकोलीन सांगत नाही. ते सांगतं की स्नायू चिडका आहे. शर्यतीत काय होतं ते ईव्हीएच किंवा बर्फावरची चाचणी सांगते. माझ्या मते क्रम असा: तक्रार व्यायामाची असेल तर आधी ईव्हीएच. ती निगेटिव्ह, पण तक्रार ठाम असेल तर वेगळ्या दिवशी मेथाकोलीन. मॅनिटॉल मी स्कीपटूंसाठी पहिली निवड कधीच करणार नाही. दवबिंदू यांनीच दिलेलं कारण त्याला पुरेसं आहे.

नायट्रिक ऑक्साइड मोजायचा असेल तर तो सगळ्यात आधी. जोराच्या फुंकांनंतर तो खाली दिसतो.

आणि अजून एक: ईव्हीएचमध्ये १० ते १५ टक्के घट आलेल्यांची चाचणी पुन्हा केली तर निकाल बऱ्याचदा बदलतो. एका ११ टक्क्यांवर वर्षभराचं औषध सुरू करू नका, आणि एका ८ टक्क्यांवर खेळाडूला 'मनाचा खेळ' म्हणून परत पाठवू नका.

सह्यकडा

मग बर्फावर, जागेवरच तपासायचं असेल तर? गुलमर्गला खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २०२०पासून होतात. तिथे संघासोबत यंत्र नेता येईल का? आणि ईव्हीएचच तिथे नेली तर?

फुंकणी

यंत्र नेता येतं, पण ते उघड्यावर ठेवायचं नाही. बहुतेक स्पायरोमीटर १७ अंशांच्या खाली भरवशाचे नसतात. फुंकलेली हवा थंड नळीत आकसते आणि आकारमान चुकतं, आत बाष्प गोठतं. मार्गाच्या शेवटाला लागून गरम केलेली झोपडी किंवा तंबू हवा, यंत्र आणि तीन लिटरची कॅलिब्रेशन सिरिंज दोन्ही तिथेच किमान तासभर आधी ठेवलेले. सिरिंज थंड आणि यंत्र गरम असलं तर कॅलिब्रेशन तीन टक्क्यांच्या बाहेर जातं आणि कारण सापडत नाही.

वाट: सहा ते आठ मिनिटांची, चढ असलेली फेरी, शर्यतीच्या वेगाने. नाडी कमालीच्या ८५-९० टक्क्यांवर. आधी फक्त दोन-तीन मिनिटं हलकं फिरणं, पूर्ण वॉर्म-अप नाही. खेळाडूंना हे पटत नाही, त्यांना आदल्या दिवशीच समजावून ठेवा. तोंडावरचा बफ किंवा उष्णता राखणारा मास्क काढायचा. त्याने उच्छ्वासातली ऊब आणि ओल परत आत जाते आणि चाचणी निगेटिव्ह येते. (सरावात मात्र त्याच कारणासाठी तो वापरावा.)

थांबल्यापासून घड्याळ सुरू. तीन मिनिटांच्या आत खेळाडू स्की काढून, तोंड पुसून, नाकाला क्लिप लावून तयार हवा. पाचव्या मिनिटाला पोचला तर पहिली वेळ गेली एवढंच. पण पंधरा मिनिटं मित्रांशी बोलत बसला तर सगळ्यात खोल घट निघून गेलेली असते. तापमान, आर्द्रता आणि वारा कागदावर लिहा. उणे ३ आणि उणे १४ यांचे निकाल एका रांगेत ठेवता येत नाहीत. आणि मेणाच्या खोलीत चाचणी नको. स्कीला लावायच्या गरम मेणाचा धूर स्वतःच श्वासनलिका चिडवतो. फ्लोरीनयुक्त मेणांवर २०२३-२४च्या हंगामापासून शर्यतींत बंदी आहे, पण धूर इतर मेणांचाही असतो.

श्वासमापक

गुलमर्गला ईव्हीएच नेऊ नका, कारण साधं गणित आहे. फुंकणी यांनी वर ५ टक्के मिश्रणाचा दाब ३५.६ काढला तो समुद्रसपाटीचा. गुलमर्ग २६५० मीटरवर, हवेचा दाब साधारण ५५० मिमी. (५५० वजा ४७) गुणिले ०.०५ म्हणजे २५. तिथे तोच गॅस ओढणाऱ्याचा कार्बन डायऑक्साइड घसरतो, मुंग्या येतात आणि नलिका त्यानेच आवळतात. आलेली पॉझिटिव्ह कोरडेपणाची की कार्बन डायऑक्साइडच्या तुटवड्याची हे सांगता येत नाही. पुण्याच्या उंचीवर तोच आकडा ३३ येतो, चालतो. म्हणजे संघ निघण्याआधी ईव्हीएच खाली, आणि गुलमर्गला बर्फावरची चाचणी, अशी विभागणी करा.

युरोपातही हाच हिशेब: आंटहोल्ट्सचं बायथलॉन मैदान १६०० मीटरवर, तिथे २९.

अतिथंडीबद्दल: उणे २०च्या खाली शर्यतच घेत नाहीत, तेव्हा चाचणीही त्याखाली नको.

दवबिंदू

सह्यकडा, प्रशिक्षक म्हणून तुम्हाला एक गोष्ट कानाने ओळखता येईल. खेळाडू ऐन चढावर, पूर्ण जोरात असताना *श्वास आत घेताना* शिट्टीसारखा आवाज करतो आणि थांबल्यावर दोन-चार मिनिटांत ठीक होतो, तर बहुधा तो दमा नाही. व्यायामात स्वरयंत्राच्या पातळीवर वाट अरुंद होते. श्वासनलिका आकसण्याचा त्रास उलट असतो: श्वास सोडताना, आणि थांबल्यावर ५ ते १५ मिनिटांत सर्वांत जास्त. स्वरयंत्राचा त्रास पंपाने जात नाही. ईव्हीएच निगेटिव्ह येते, मग पंपाची मात्रा वाढवली जाते, तरी फरक नाही. त्याची पक्की चाचणी म्हणजे नाकातून बारीक दुर्बीण घालून, ती डोक्यावर बांधून, खेळाडूला पळवायचं. ही पद्धत नॉर्वेत बर्गेनला विकसित झाली. दोन्ही त्रास एकाच खेळाडूला असू शकतात, म्हणून एक सापडला की दुसरा शोधणं थांबवू नका.

आता औषधं कधी बंद करायची. सालब्युटामॉल ८ तास, फॉर्मोटेरॉल-सालमेटेरॉलसारखी लांब पल्ल्याची २४ ते ४८ तास, इप्राट्रोपियम १२ तास, मॉन्टेलुकास्ट किमान २४ तास, ॲलर्जीच्या गोळ्या ७२ तास, चहा-कॉफी आदल्या दिवसापासून. टायोट्रोपियम मेथाकोलीनआधी आठवडाभर. स्टेरॉइडचा पंप त्या दिवशी सकाळी नाही. तो अनेक आठवडे चालू असेल तर चाचणी निगेटिव्ह येणं हा औषधाचा परिणाम असू शकतो. किती दिवस बंद करायचा ते उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच ठरवायचं.

भारतीय खेळाडूंसाठी तीन सापळे, हे सगळ्या पालकांनी वाचावं:

खोकल्याच्या बाटल्या. आपल्याकडच्या कित्येक सिरपमध्ये टर्ब्युटालीन किंवा सालब्युटामॉल असतं. तोंडाने घेतलेलं दोन्ही बंदीच्या यादीत. टर्ब्युटालीनला पंपातूनही परवानगी घ्यावी लागते.

लेव्होसालब्युटामॉल. आपल्याकडे हा पंप सर्रास लिहून दिला जातो. वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) यादीत त्याचं नाव आहे, आणि पंपाच्या सवलतीत ज्या चार औषधांची नावं आहेत (सालब्युटामॉल, फॉर्मोटेरॉल, सालमेटेरॉल, व्हिलांटेरॉल) त्यांत ते नाही. साधा सालब्युटामॉल लिहून मागा, नाहीतर आधी नाडाला (भारताची उत्तेजकविरोधी संस्था) विचारा.

नेब्युलायझर. सालब्युटामॉलची मर्यादा २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम, त्यातही कोणत्याही ८ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही. वाफेच्या औषधाची एक छोटी कुपी (रेस्प्यूल) २.५ मिलिग्रॅमची, म्हणजे २५०० मायक्रोग्रॅम. एकाच वाफेत मर्यादा ओलांडली. नॉर्वेचा स्कीपटू मार्टिन योन्सरुड सुंडबीच्या बाबतीत नेमका नेब्युलायझरच्या मात्रेचाच वाद होता. २०१६ साली क्रीडा लवादाने त्याला दोन महिन्यांची बंदी घातली आणि २०१४-१५च्या विश्वचषकाचं विजेतेपद गेलं. लिहून देणारे संघाचेच डॉक्टर होते.

चाचणी संपल्यावर घट भरून काढायला दिलेले ४०० मायक्रोग्रॅमही याच हिशेबात येतात. त्या दिवशीची वेळ आणि मात्रा खेळाडूच्या वहीत लिहून द्या. मॅनिटॉलची भीती नको, शिरेतून दिलेल्यावर बंदी आहे, श्वासातून घेतलेल्या चाचणीवर नाही.

सह्यकडा

शेवटचा प्रश्न. वर्षात कधी? आमच्याकडे वैद्यकीय तपासणी मे-जूनमध्ये उरकतात.

श्वासमापक

मे-जूनची निगेटिव्ह बर्फावरच्या हंगामाला लागू नाही. सरावाचा भार उतरला, कोरडी हवा गेली की अस्तर भरून येतं आणि संवेदनशीलता कमी होते. जोराच्या सरावाचे आठवडे झाल्यानंतर, हंगामाच्या तोंडावर किंवा हंगामात तपासा. एक आधाररेषा उन्हाळ्यात घेतली तर चांगलंच, दोन्हींमधला फरकच खूप सांगून जातो. सर्दी-खोकल्याचा संसर्ग झाला असेल तर सहा आठवडे थांबा, विषाणूने चिडलेली नलिका काही काळ कशालाही पॉझिटिव्ह येते. आणि दोन चाचण्या एकाच दिवशी नकोत.

फुंकणी

रिपोर्टवर हे असेल तरच पुढच्या वर्षी तुलना होते, आणि परवानगीचा अर्जही परत येत नाही: चाचणीचं नाव, गॅसचं मिश्रण, लक्ष्य आणि प्रत्यक्ष गाठलेलं श्वसन लिटरमध्ये (प्रत्येक मिनिटाचं वेगळं), प्रत्येक वेळेची एफईव्ही-१ लिटरमध्ये आणि टक्के घट, फुंकांचे आलेख, शेवटच्या औषधाची तारीख-वेळ, शेवटचा सराव कधी, खोलीचं तापमान आणि आर्द्रता. उदाहरणार्थ: आधी ५.४०, ३ मिनिटं ५.०२ (७.०), ५ मिनिटं ४.८६ (१०.०), १० मिनिटं ४.७० (१३.०), १५ मिनिटं ४.७८ (११.५), ३० मिनिटं ५.१० (५.६). नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहिलेला कागद आला तर लॅबकडून मूळ आकडे मागून घ्या. ते यंत्रात साठवलेले असतात.